तळघरातला विस्तव

१९४० साली अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदाच घरांची स्वतंत्र गणना झाली. घर कशावर गरम होते, हा प्रश्नही त्यात होता. निम्म्याहून अधिक घरांनी उत्तर दिले, कोळशावर. तीस वर्षांनी, १९७० च्या जनगणनेत, शंभर घरांत कोळशावर गरम होणारी जेमतेम तीन घरे उरली होती. एका पिढीच्या आत लाखो तळघरांतून एक अवजड वस्तू नाहीशी झाली. मधोमध बिडाची जाडजूड भट्टी, तिच्याभोवती पत्र्याचे आवरण आणि माथ्यापासून चहूकडे तिरके वर गेलेले वीतभर जाडीचे पत्र्याचे नळ, असे तिचे रूप होते. त्या रूपामुळे लोक तिला ‘ऑक्टोपस’ म्हणत. ती बेढब होती, निम्मे तळघर अडवायची आणि राखेने माखलेली असायची. पण तिची रचना नीट समजून घेतली की तिच्यातला एकही भाग उगाच नाही हे लक्षात येते. ती सगळी रचना एका फार लहान आकड्याभोवती उभी आहे.

हवेचे एक घनमीटर २० अंश सेल्सियसला सुमारे १.२ किलो भरते आणि ८० अंशाला साधारण १ किलो. म्हणजे फरक २०० ग्रॅमचा. गरम हवा वर जाते हे आपण सहज म्हणतो. खरे तर शेजारची थंड, जड हवा खाली बसते आणि हलक्या हवेला वर रेटते. भट्टीच्या माथ्यापासून खोलीतल्या जाळीपर्यंत तीन मीटर उंची धरली, तर हा रेटा भरतो सहा पास्कल. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर पाऊण मिलिमीटर उंचीच्या थरापेक्षाही कमी. पंखा नाही, वीज नाही, पंप नाही. एवढ्याशा रेट्यावर संपूर्ण घर गरम करायचे होते.

हिशेब मांडून पाहू. भिंतींतून आणि खिडक्यांतून कडाक्याच्या दिवशी १५ किलोवॉट उष्णता बाहेर जाते असे एक मध्यम घर घ्या. म्हणजे दीड किलोवॉटचे दहा हीटर एकदम चालू ठेवल्यासारखे. हवा २० अंशांवरून ८० अंशांवर तापवून वर पाठवायची, तर दर सेकंदाला पाव किलो, म्हणजे साधारण पाव घनमीटर हवा वाहती राहिली पाहिजे. सहा पास्कलच्या रेट्याने नळांमध्ये वेग मिळतो सेकंदाला एखादा मीटर. तेव्हा सगळ्या नळांचे मिळून तोंड पाव चौरस मीटर हवे. आठ इंच व्यासाचा एक नळ देतो ०.०३२ चौरस मीटर. भागाकार करा, उत्तर आठ येते. ऑक्टोपसला आठ हात का, हे त्या तळघरात कुणाला विचारावे लागत नसे.

हाच आकडा घराचा आराखडाही ठरवतो. नळ लांब गेला तर घर्षणातच रेटा संपतो, म्हणून भट्टी तळघराच्या मधोमध, वाऱ्याच्या बाजूला किंचित सरकलेली. नळ सपाट टाकून चालत नाही, दर फुटाला निदान इंचभर चढ हवा. वळणे कमीत कमी हवीत. वरच्या मजल्यावर जाणारा नळ आतल्या भिंतीतून न्यायचा, बाहेरच्या भिंतीतून नेला तर हवा वाटेतच गार होऊन अडकते. आणि परतीचा मार्ग विसरायचा नाही. खोलीतली थंड हवा खाली भट्टीच्या पायथ्याशी परत आली नाही तर गरम हवेला आत शिरायला जागाच होत नाही. त्यासाठी बैठकीच्या खोलीच्या जमिनीत दोन-तीन फूट लांबीची मोठी लाकडी किंवा लोखंडी जाळी बसवत. तिच्यावर गालिचा अंथरला की सगळे घर थंड पडे. भट्टी दुकानातून विकत आणून ठेवण्याची वस्तू नव्हती. घर हाच तिचा अर्धा भाग होता.

ही कल्पना अमेरिकेत जन्मली नाही. इंग्लंडमध्ये डर्बी इथे विल्यम स्ट्रट नावाचा गिरणीमालक होता. बेल्परच्या आगरोधक गिरण्यांमुळे त्याचे नाव स्थापत्याच्या इतिहासात आहे. १८१० मध्ये सुरू झालेल्या डर्बीशायरच्या रुग्णालयासाठी त्याने उष्ण हवेची जी योजना केली, तिचे सविस्तर वर्णन चार्ल्स सिल्व्हेस्टरने १८१९ च्या पुस्तकात केले. बाहेरची हवा जमिनीखालच्या लांबलचक भुयारातून आत येई, त्यामुळे हिवाळ्यात ती थोडी उबदार आणि उन्हाळ्यात थोडी थंड होऊनच पोहोचे. मग ती लोखंडी कोठ्याभोवतीच्या विटांच्या आवरणातून जाई. कोठ्यात कोळसा जळे. स्ट्रटची खरी करामत या आवरणात होती. त्यात असंख्य लहान तोंडे होती, त्यांतून हवेचे झोत लोखंडाच्या अगदी जवळ आदळत. त्यामुळे लोखंड तांबडे होण्याआधीच त्याची उष्णता हवा घेऊन जाई. पुढे सिल्व्हेस्टरचीच उपकरणे पॅरीच्या आर्क्टिक मोहिमेवरील जहाजांत बसली. बर्फात अडकलेल्या जहाजात माणसे कोरडी आणि उबदार राहणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

लोखंड तांबडे होऊ द्यायचे नाही, हा आग्रह नुसता सोयीचा नव्हता. फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात सांत-क्लेअर देव्हिल आणि त्रूस्त या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की लालबुंद तापलेल्या बिडातून वायू आरपार झिरपू शकतात. कार्बन मोनॉक्साइडची भीती त्यामुळे घराघरात पोचली. भट्टीत दोन हवा असतात. एक निखाऱ्यांची, दुसरी माणसांच्या श्वासाची, आणि दोन्हींमध्ये फक्त धातूची भिंत. माझ्या मते ही भिंत हाच या यंत्राचा गाभा आहे.

आग आणि धुराडे यांचा विचार केला तर मात्र एक दिलासा मिळतो. नऊ मीटर उंच धुराड्यात २०० अंशांचा धूर असेल आणि बाहेर शून्य अंश, तर धुराड्याची ओढ सुमारे ४८ पास्कल भरते. घरात हवा ढकलणाऱ्या सहा पास्कलच्या आठपट. म्हणजे भट्टीच्या पोटात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. सांध्याला चीर पडली तरी घरातली हवाच आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही. पण रात्री घरधनी झोपण्यापूर्वी झडप लावून आग मंद करतो, तेव्हा ही ओढ जवळजवळ संपते. आणि हवेअभावी कोंडलेल्या निखाऱ्यातच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त तयार होतो. सगळे झोपलेले असतात त्याच वेळी भट्टी सर्वांत धोकादायक. म्हणून धुराच्या नळातली झडप कधीच पूर्ण बंद होणार नाही अशी करत, तिच्यात मुद्दाम भोक ठेवत.

सांधे हा खरा रोग होता. बिडाचे भाग एकावर एक ठेवून सिमेंटने जोडत. तापले की फुगायचे, निवले की आकसायचे, आणि काही हिवाळ्यांत सांधा सुटायचा. आयोवातल्या मार्शलटाउनमध्ये १८९५ पासून डेव्ह लेनॉक्सने पोलादी पत्र्याला रिवेट ठोकून भट्ट्या बनवल्या, त्यामागचे कारण हेच. या चिरेची भीती पुढे विकलीही गेली. मिशिगनची हॉलंड फर्नेस ही देशातली मोठी कंपनी. तिचे विक्रेते तपासनीस असल्याचा आव आणून घरात शिरत, भट्टी सुटी करत आणि ती स्फोटक, विषारी आहे असे सांगून पुन्हा जोडून देण्यास नकार देत. १९५८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना मनाई केली. ती मोडल्याबद्दल न्यायालयाच्या अवमानाचा खटला चालला. कंपनीच्या माजी अध्यक्षाला सहा महिन्यांची कैद झाली आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एखाद्या म्हातारीच्या घरी जानेवारीच्या थंडीत भट्टी उघडी करून ठेवणे हा मला चोरीहून वाईट गुन्हा वाटतो.

आता कोळसा. पूर्व किनाऱ्यावरच्या भट्ट्या पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रसाइटवर चालत. हा कठीण, चकचकीत कोळसा धूर जवळपास करत नाही, कारण त्यात बाष्पशील द्रव्य फार थोडे. किलोला साधारण २९ मेगाज्यूल उष्णता. भट्टीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर आपल्या १५ किलोवॉटच्या घराला कडाक्याच्या दिवशी ताशी सुमारे तीन किलो, दिवसाला ७५ किलो कोळसा लागेल. रात्रीच्या आठ तासांचा पंचवीस किलो एकदमच भट्टीतल्या आगीच्या कुंडात मावला पाहिजे. जळण्याचा वेग आणि हा साठा मिळून कुंडाचा व्यास आणि खोली ठरते.

कोळशाच्या थरातून हवा जायची तर ढेकळांमध्ये सारख्या पोकळ्या हव्यात. लहानमोठा कोळसा मिसळला की बारीक तुकडे पोकळ्या बुजवतात आणि धुराड्याची ओढ कमी पडते. म्हणून अँथ्रसाइट आकारानुसार विकला जाई, अंड्याएवढा, चेस्टनटएवढा, वाटाण्याएवढा. हे वर्गीकरण खाणींवरच्या कोळसा फोडण्याच्या उंच इमारतींत होई. घसरत येणाऱ्या कोळशातून दगड वेचायला दहा-बारा वर्षांची मुले बसत, बोटांना जखमा, तोंडावर काळी धूळ. लुईस हाइनने १९११ मध्ये पिट्सटनजवळ काढलेली त्यांची छायाचित्रे बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात वापरली गेली. तळघरातल्या भट्टीच्या जाळीवर निखारा एकसारखा पसरावा म्हणून त्या मुलांची बोटे लागत होती. १९०२ मध्ये सुमारे दीड लाख अँथ्रसाइट कामगारांनी मे ते ऑक्टोबर संप केला. हिवाळा तोंडावर आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दोन्ही पक्षांना वाटाघाटीला बसवावे लागले. लवादाने दहा टक्के मजुरीवाढ आणि दहाऐवजी नऊ तासांचा दिवस दिला.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात याच कोळशाच्या शहरात, फिलाडेल्फियात, शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परतल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. तिथल्या थंडीनेही त्यांची प्रकृती खालावली असे म्हणतात. उबदार घर त्या वेळी कुणाला मिळे आणि कुणाला नाही, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

आग राखणे हे हातचे कसब होते. सकाळी निखाऱ्याखालची जाळी हलवायची, ती राखखान्यात लाल चमक दिसेपर्यंतच. आणखी हलवली तर पेटते निखारेही खाली पडतात. खाली राख साचू द्यायची नाही, जाळीला हवेचा गारवा मिळेनासा झाला की तीच वितळून वाकते. नवा कोळसा टाकताना एका कोपऱ्यात धगधगता निखारा उघडा ठेवायचा. सगळा थर झाकला तर खालून उठणारा वायू पेटत नाही, कोंडतो, आणि मग एकदम भडका होऊन दार उघडते. रात्री मात्र आजी चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची तसा विस्तव जपायचा. अधूनमधून खंगर, म्हणजे वितळून गोठलेली राख, सळईने फोडून काढायची. हे काम बहुधा घरातला पुरुष किंवा थोरला मुलगा करी. पहाटे पाचला थंड तळघरात उतरणे त्याच्या वाट्याला येई.

या जिन्याच्या फेऱ्या वाचवल्या मिनिॲपोलिसच्या आल्बर्ट बट्झने. १८८५ मध्ये त्याने असे उपकरण केले की खोली गार झाली की विजेचे मंडल जुळे, स्प्रिंगची मोटर सुटे आणि राखखान्याची झडप साखळीने उघडे. खोली पुरेशी तापली की झडप मिटे. त्याच्या कंपनीतून पुढे हनीवेल घडली. १९१९ मध्ये न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने गॅसच्या भट्टीचे पेटंट मिळवले, ज्यात वेगवेगळ्या खोल्यांकडे जाणारी उष्णता वेगवेगळी आवरता येणार होती. कोळशाची एकच आग हे करू शकत नव्हती.

मध्य-पश्चिमेत अँथ्रसाइट महाग, तिथे इलिनॉयचा मऊ कोळसा जळे. त्यात बाष्पशील द्रव्य भरपूर. आगीवरून वेगळी हवा मिळाली नाही की ते न जळता धूर होऊन निघे. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी सेंट लुईसमध्ये या धुरामुळे भर दिवसा रस्त्यांवरचे दिवे लावावे लागले. १९४० च्या एप्रिलमध्ये शहराने नियम केला, एकतर कमी धुराचे इंधन वापरा, नाहीतर यंत्राने कोळसा भरा.

भट्टीचे शास्त्र खरे जुळले ते इलिनॉय विद्यापीठात. १९१८ पासून तिथे भट्टीच्या व्यावसायिकांच्या संघटनेबरोबर प्रयोग झाले आणि १९२४ मध्ये अर्बानात केवळ मोजमापासाठी एक खरेखुरे घर बांधले. विलार्ड, क्रॅट्झ आणि कोन्झो यांनी नळांचे व्यास, वळणांतला तोटा, जाळ्यांची जागा हे मोजून काढले, आणि गवंडी आणि पत्रेकाम करणाऱ्यांच्या अंदाजाची जागा तक्त्यांनी घेतली. पण त्याच प्रयोगशाळेने ऑक्टोपसचा शेवटही जवळ आणला. विजेवरचा पंखा सहज शंभर पास्कल दाब देतो. मग नळ बारीक झाले, आडवे झाले, भट्टी कोपऱ्यात गेली, तळघराची उंची लागेनाशी झाली. युद्धकाळी तेलासाठी टाकलेल्या टेक्सासच्या दोन मोठ्या वाहिन्या १९४७ मध्ये गॅसला मिळाल्या आणि कोळशाची कोठी रिकामी होऊ लागली. कित्येक ऑक्टोपसांच्या पोटात नुसते गॅसचे बर्नर बसवून ते आणखी काही दशके चालवले गेले. आता ते काढताना नळांवरचे ॲस्बेस्टॉस आधी सुरक्षितपणे सोलावे लागते.

नव्या भट्टीची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांहून वर जाते, खंगर नाही, पहाटेची फेरी नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तिचा पंखा आणि तिचे नियंत्रण विजेवर चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळात वीज गेली, तेव्हा नळात गॅस असूनही लाखो भट्ट्या बंद पडल्या. ऊब मिळावी म्हणून लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. ह्यूस्टन परिसरात कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. त्यांच्या आणि निखाऱ्यांच्या हवेमध्ये भिंत नव्हती.