गरोदर बाईचा ताप-खोकला अंगावर काढू नका



पावसाळा लागला की आपल्याकडे घराघरात सर्दी, खोकला, ताप सुरू होतो. जुलै ते सप्टेंबर हे फ्लूचेच दिवस. काढा घ्यायचा, दोन दिवस झोपायचं, परत जाळी घेऊन निघायचं, ही आपली रीत. पण घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या बाबतीत ही रीत चालत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

पोट वाढतं तसा छातीखालचा पडदा साधारण चार सेंटीमीटर वर ढकलला जातो. फुप्फुसाला पसरायला जागा कमी मिळते आणि प्राणवायूची गरज मात्र 20 टक्क्यांच्या आसपास वाढलेली असते. होडीत माल जास्त भरलाय आणि काठ पाण्याला टेकत आलाय, तसं बघा. शांत पाण्यात काही कळत नाही, वारा सुटला की कळतं. फ्लू किंवा कोरोना फुप्फुसात उतरला तर बाकीच्यांपेक्षा गरोदर बाईला धाप लवकर लागते ती यामुळं.

हे नुसतं बोलणं नव्हे. मुंबईच्या नायर हॉस्पिटलात कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांची नोंद ठेवली होती. पहिल्या लाटेत 1143 जणी होत्या, त्यातल्या 0.7 टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेत 387 जणी, आणि दगावल्या 5.7 टक्के. म्हणजे शंभरात एकही नव्हती, तिथं पाच-सहा जणी गेल्या. त्यावेळी गरोदर बायकांना लस मिळत नव्हती; केंद्र सरकारची परवानगी आली ती 2 जुलै 2021 ला, लाट ओसरल्यावर.

आता बाळाचं. पोटातल्या बाळाला विषाणू थेट लागणं फार कमी. त्रास होतो तो आईचा प्राणवायू घटल्यानं, आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण झाल्यानं. पहिल्या लाटेत महाराष्ट्रातल्या 19 मेडिकल कॉलेजांत कोरोनाच्या 4203 गरोदर बायकांची नोंद झाली, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं साधारण 16 टक्के होती. अशा बाळाची फुप्फुसं तयार नसतात. त्यासाठी आईला आधीच डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात. स्वस्तातलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत याचा अभ्यास केला, 2020 ला तो छापून आला, आणि त्यात आपलं बेळगावही होतं. इंजेक्शन मिळालेल्या बायकांच्या शंभर बाळांमागं साधारण चार बाळं जास्त वाचली. पण हे इंजेक्शन सोय असलेल्या दवाखान्यातच द्यायचं असतं, आणि बाई तिथं वेळेत पोचली तरच उपयोग.

आमच्याकडं म्हाताऱ्या बायका म्हणतात, “पोटुशीला गोळ्या नकोत, बाळाला बाधतात.” मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आपल्या मनानं आणून देऊ नये, एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण फ्लूचं ओसेल्टामिविर हे औषध डॉक्टर गरोदर बाईलाही देतात, आणि ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. चार दिवस काढ्यात घालवले की ती वेळ गेली.

दम लागतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसतायत, ताप उतरत नाही, बाळाची हालचाल कमी वाटते, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर सेल बदलून ठेवा. गरोदर बाईचा आकडा 95 च्या खाली आला की थांबायचं नाही.

फ्लूची लस गरोदरपणात कधीही चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला आईकडून मिळेल तेवढंच संरक्षण. म्हणून आशाताईंना किंवा डॉक्टरांना आताच विचारून ठेवा.

तान्ह्या बाळाला प्रत्येक वेळी ताप येईलच असं नाही. दूध ओढत नाही, नुसतं पडून राहतं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो, ही त्याची लक्षणं. आईला सर्दी-खोकला असला तरी दूध तोडू नका. हात धुऊन, तोंडाला मास्क लावून पाजायचं. दूध तोडण्यापेक्षा बाळंतिणीच्या खोलीतली पाहुण्यांची रांग तोडा, मुका घेणारे आधी बाहेर. (नवीन बाळ बघायला आख्खी गल्ली येते, मला ठाऊक आहे.) खोलीत चुलीचा, विडीचा धूर नको.

एक गोष्ट होडीवाल्यांसाठी. धरणाच्या काठाला मुक्कामाला जाताना घरात गरोदर बाई असेल तर गाडी कोणाची, सोबत कोण जाणार आणि पैसे कुठं ठेवलेत हे ठरवूनच निघा. तिथं फोनला रेंज मिळेलच असं नाही. 108 ची गाडी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही याच नंबरवर येते. तायी कार्ड पिशवीत घालून दाराजवळ अडकवून ठेवा.

— सचिव