कुरणातली शाळा, मातीतली अक्षरे

गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, कारण शाळेची वेळ आणि गुरे चारण्याची वेळ एकच असते. गरीब घराला त्यातले एकच निवडता येते आणि ते गुरे निवडते. डहाणू तालुक्यातल्या (तेव्हा जिल्हा ठाणे, आता पालघर) वारली पाड्यांवर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी मुलांना वर्गात ओढून आणले नाही, शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली धडा चाले. या शाळेला कुरणशाळा म्हणत.

या कामाची सुरुवात १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्रापासून झाली. दलित वस्तीतली लहान मुले केंद्रात येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना पुढे तेच नाव मिळाले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. तिथली महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आणि बांबूचे तुकडे आले. ही काटकसर होतीच, पण मुलाच्या ओळखीची वस्तू हातात आल्याने शिकणेही सोपे झाले.

उघड्यावर अक्षरे शिकण्यात खरी मदत होते ती हाताची आणि बोलीची. पेन्सिल धरण्याआधी मूल मातीत बोटाने किंवा काडीने मोठी वळणे काढते. चुकले तर हात फिरवून पुसते, त्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही. पाने कडेवरून, शिरांवरून, टोकावरून वेगळी काढण्याचा सराव झाला, की ग आणि म, भ आणि न यांच्यातला बारीक फरक टिपायला डोळ्याला मदत होऊ शकते. मोह, पळस, तेंदू, बैल, ओढा हे शब्द मुलाच्या तोंडी आधीपासून असतात. ते लिहून दाखवले, की आपण बोलतो तेच कागदावर येते हे त्याला उमगते. वाचन शिकण्यातली ही एक मोठी पायरी आहे.

घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी असण्याच्या प्रश्नाला तेलंगणातल्या आदिलाबाद भागात मोठा इतिहास आहे. तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी इथे शेजारी नांदतात. जोडेघाटला १९४० मध्ये निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास करायला पाठवले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. तिथे गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत तयार झाली. या भागात काम केलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. मारलवाई आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

आज आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावला गावात अशा शिक्षणाला लागणारी जागा हाताशी आहे. तलाव आहे, जवळ वनोद्यान आहे, चहूकडे कापसाची काळी शेते आहेत. झाडावर एकाच नावाची पाटी तेलुगू, मराठी आणि गोंडीत लावली, तर घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलालाही वाचायला काहीतरी आपले सापडेल. कापूस वेचणीच्या दिवसांत शिक्षकाने शेताच्या बांधावर तासभर बसणे ही कुरणशाळेचीच वाट आहे.

मात्र वर्षातून एकदा निघणाऱ्या सहलीने कोणी वाचायला शिकत नाही. कुरणशाळेचे बळ रोजच्या शिक्षकात होते. मातीतले अक्षर पाटीवर, पाटीवरचे वहीत आणि वहीतले पुस्तकात नेणारे माणूस हवे, आणि ती पुस्तकेही हवीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. त्यामुळे गुरे राखण्याला सोय म्हणून कुरणशाळा आज चालवता येणार नाही. आज ती शाळेच्या वेळापत्रकातच बसवावी लागते: सकाळचा एक तास झाडाखाली, आणि तिथे वेचलेले शब्द दुपारी वर्गात वहीवर.