वंचक दिसला नाही, म्हणजे तो नव्हताच का?

फील्डवर्क शिकायला लांबच्या जंगलातच जावं लागतं असं नाही. मुंबईत धारावी डेपोसमोर, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. साधारण ३७ एकर, पायवाटा सोप्या, चढ जवळजवळ नाहीच; दीड तासात रमतगमत फिरून होतं. आज जिथे दाट झाडी दिसते, तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे. नंतर त्यावर माती पसरून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. उत्तरेला नदी, तिच्या काठाने खारफुटी आणि चिखल.

अशा जागेबद्दल पहिला प्रश्न पडतो तो हा: ती खरंच सुधारली का? उत्तर शोधायला आपण पक्ष्यांची यादी करतो, आणि चूक नेमकी तिथेच होते.

पहिल्या वर्षी मी खाडीकाठी तीन फेऱ्या मारल्या आणि तक्त्यात लिहिलं, ‘वंचक: नाही’. तक्ता बघून माझ्या मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “भरती होती की ओहोटी?” मी नोंदच केली नव्हती.

वंचक म्हणजे ढोकरी. हे नाव त्याला अगदी शोभतं. बसला की मातकट पाठीमुळे चिखलात मिसळून जातो. उडाला की पांढरेशुभ्र पंख एकदम उघडतात. म्हणजे तो ‘असणं’ आणि मला ‘दिसणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यातल्या शून्याचे अर्थही दोन: पक्षी नव्हता, किंवा होता पण मला दिसला नाही.

यात वेळेची भर पडते. भरतीत चिखल पाण्याखाली जातो, मग तुतारीसारखे चिखलात टिपणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणून एका रविवारी सकाळी ७ वाजता भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला साधारण ओहोटी मिळते. आणि तुम्ही दर पंधरवड्याच्या रविवारीच गेलात तर? प्रत्येक वेळी जवळपास सारखंच पाणी! वेळापत्रक दिसायला शिस्तीचं, पण अर्धं चित्र कायमचं निसटलेलं.

मग करायचं काय? २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत मांडली. तिला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात. कल्पना साधी आहे. काठावर अनेक ठरावीक बिंदू निवडायचे आणि प्रत्येकाला पुन्हा पुन्हा भेट द्यायची. जिथे पक्षी निदान एकदा दिसला, तिथे तो बाकीच्या भेटींत किती वेळा निसटला, यावरून दिसण्याची शक्यता काढता येते. समजा, एका भेटीत वंचक दिसण्याची शक्यता ०.४ आहे. मग तीन भेटींत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच भेटी केल्या तर ती ८ टक्क्यांवर येते. माझ्या तीन फेऱ्यांवर ‘नाही’ लिहिणं किती धाडसाचं होतं बघा!

अर्थात, मॉडेल जादू नाही. भेटींच्या काळात बिंदूची स्थिती बदलत नाही, हे त्याचं गृहीतक आहे. म्हणून सगळ्या भेटी एकाच हंगामात, थोड्या दिवसांत उरकाव्या लागतात आणि भरती-ओहोटीचा रकाना वेगळा ठेवावा लागतो.

हा काटेकोरपणा फक्त प्रबंधापुरता नाही. ‘इथे पक्षी नाहीत’ हे वाक्य एकदा अहवालात छापलं गेलं, की तो खारफुटीचा पट्टा बिनकामाचा ठरवायला कोणालाही सोपं जातं. उलट, एका चांगल्या सकाळची लांब यादी दाखवून ‘कचराभूमी पूर्ण सुधारली’ म्हणणंही तितकंच कच्चं. सुधारणा मोजायची तर आधीची नोंद किंवा तुलनेला दुसरी जागा हवीच.

तेव्हा पहिल्या फेरीला दुर्बिणीबरोबर भरतीचं वेळापत्रक न्या. पायवाट सोडून चिखलात उतरू नका. वहीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पाण्याची पातळी आणि निरीक्षकाचं नाव लिहा. आणि काही दिसलं नाही तर ‘नाही’ऐवजी ‘दिसला नाही’ असं लिहा. एका शब्दाचाच फरक आहे, पण मला तो समजायला एक अख्खा हिवाळा गेला.