विश्लेषण : समोर ३० जर्मन विमाने, राखणीला एकच मस्टँग! ओशर्सलेबेनच्या आकाशात काय घडले?

११ जानेवारी १९४४. जर्मनीतील विमान कारखान्यांवर बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकी बी-१७ विमानांवर ओशर्सलेबेनजवळ जर्मन लढाऊ विमाने तुटून पडली. त्यांना अर्धा तास अडवून धरले ते एकट्या मेजर जेम्स हॉवर्ड यांनी. पुढे त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाला. ब्रिटनमधून उडणाऱ्या अमेरिकी लढाऊ वैमानिकांपैकी तो मिळालेले ते एकमेव.

बॉम्बर विमानांना राखणदार का लागले?

बी-१७ विमानावर दहा-बारा मशिनगन असत. अशी विमाने दाट रचनेत उडाली की शत्रू जवळ फिरकणारच नाही, असा अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला. जर्मन वैमानिक समोरून येत, कारण तिथे मारा कमी पडे. दोन इंजिनांची मेसरश्मिट-११० विमाने तर मशिनगनच्या टप्प्याबाहेर राहून रॉकेट सोडत. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफर्टच्या मोहिमेत एका दिवसात ६० बॉम्बर गेले. प्रत्येकात साधारण दहा माणसे, म्हणजे सुमारे ६०० जण.

सोबतीला थंडरबोल्ट विमाने असत, पण इंधनाअभावी त्यांना अर्ध्या वाटेवरून माघारी फिरावे लागे. जर्मन वैमानिक नेमके तोवर थांबत.

मस्टँगने काय बदलले?

मर्लिन इंजिनाचे पी-५१ मस्टँग पंखाखाली जादा इंधनटाक्या लावून जर्मनीत खोलवर जाऊन परत येऊ शकत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ३५४व्या फायटर ग्रुपने ते या कामी पहिल्यांदा वापरले. हॉवर्ड त्याच ग्रुपमधील एका स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्यांचा जन्म चीनमधील कँटनचा. ‘फ्लाइंग टायगर्स’ या स्वयंसेवक तुकडीतून ते जपान्यांशी लढलेले. विमानाला त्यांनी चिनी नावच दिले होते, ‘डिंग हाओ’, म्हणजे ‘फार छान’.

त्या दिवशी काय झाले?

हॉवर्ड आपल्या वैमानिकांसह झुंजीत उतरले आणि त्यांनी एक मेसरश्मिट-११० पाडले. या धुमश्चक्रीत त्यांचे साथीदार पांगले. ते बॉम्बरच्या उंचीवर परतले, तर ४०१व्या बॉम्ब ग्रुपवर हल्ला सुरू होता आणि आसपास आपले एकही लढाऊ विमान नव्हते. साथीदार गोळा होईपर्यंत थांबले असते, तर कोणी बोट ठेवले नसते. ते थांबले नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. राखणदाराला प्रत्येक शत्रू पाडावा लागत नाही, त्याचा नेम मोडला तरी पुरते. शेपटीमागे मस्टँग दिसले की जर्मन वैमानिकाला बॉम्बर सोडून वळावेच लागे. हॉवर्ड एकाला पळवत, पुन्हा उंची घेत आणि दुसऱ्यावर झेपावत. त्यांच्या विमानावर चार मशिनगन होत्या. शेवटी शेवटी त्यातल्या तीन बंद पडल्या, इंधनही संपत आले, तरी सूर मारणे चालूच होते. मशिनगन एकच उरली आहे, हे समोरच्याला थोडेच ठाऊक होते!

या झुंजीत त्यांनी तीन विमाने पाडल्याची नोंद मानपत्रात आहे. पण त्या दिवसाचे एकूण चित्र भीषणच होते. संपूर्ण मोहिमेत अमेरिकेने पुन्हा ६० बॉम्बर गमावले.

मग हॉवर्ड यांचे नाव कसे कळले?

तळावर परतल्यावर त्यांनी फारसा गाजावाजा केला नाही. बोभाटा केला तो बॉम्बरमधल्या माणसांनी. एकटा मस्टँग डोळ्यांसमोर लढताना पाहिलेले ते लोक विचारत राहिले, तो होता तरी कोण? चौकशी होत होत माग हॉवर्ड यांच्यापर्यंत पोहोचला. जून १९४४ मध्ये त्यांना पदक प्रदान करण्यात आले.

त्याच जानेवारीत आठव्या हवाई दलाची सूत्रे जेम्स डूलिटल यांच्याकडे आली. लढाऊ विमानांनी बॉम्बरला चिकटून न राहता जर्मन विमानांचा पाठलाग करून ती नष्ट करावीत, असा आदेश त्यांनी दिला. बॉम्बरच्या वैमानिकांना तो मुळीच रुचला नाही.