सुरुंग, भुयार आणि आग्वादचे पाणी

कन्नडमध्ये ‘सुरंग’ म्हणजे भुयार. मराठीत ‘सुरुंग’ म्हटले की तटाखाली ठासलेली दारू आठवते. घरात दोन्ही भाषा नांदत असतील तर या एका शब्दात लढाईची दोन अंगे सापडतात. मी इतिहास शिकवतो. गोव्याची सहल निघाली की मुलांचा प्रश्न ठरलेला, ‘‘सर, किल्ल्यात भुयार आहे ना?’’ मी सांगतो, भुयाराहून मोठी गोष्ट आग्वादच्या पोटात आहे.

१७३९ साल घ्या. चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईच्या तटाखाली सुरुंग उडवले, बुरूज ढासळला आणि मे महिन्यात किल्ला पडला. त्याच वर्षी इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे गोव्यात साष्टीवर चालून गेले, तर सावंतवाडीकर भोसल्यांनी बारदेश घेतला. मात्र रेईश मागूश आणि आग्वाद हे बारदेशातले दोन किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले.

मांडवीच्या मुखाशी असलेला आग्वाद पोर्तुगीजांनी डचांच्या धास्तीने बांधला आणि १६१२ मध्ये पुरा केला. ‘आग्वाद’ म्हणजे पाणी भरण्याची जागा. किल्ल्यात जमिनीखाली १६ खांबांवर तोललेले टाके आहे; त्यात सुमारे २४ लाख गॅलन पाणी मावे. लांबून आलेली गलबते इथे गोडे पाणी भरून घेत. वेढ्यात अडकलेला किल्ला पुष्कळदा तहानेने शरण येतो. इथे पायाखाली पाणी होते आणि पाठीशी समुद्र मोकळा होता. १७४१ मध्ये लिस्बनहून कुमक आली आणि बारदेश पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला.

पुढची झळ लागली ती पेडणे-डिचोलीला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी बारदेशापलीकडे सरकून हळर्ण, डिचोली आणि तेरेखोल घेतले. मधल्या काळात मुलूख हात बदलत राहिला. अखेर १७८१ मध्ये डिचोली कायमची गेली आणि १७८८ मध्ये पेडणे. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतवाडीकरांनीच पेडणे देऊन टाकले! या ‘नव्या काबिजादी’ उशिरा गेल्या. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून तिथली देवळे टिकली. कदंबांचे दैवत आणि शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेला नार्व्याचा सप्तकोटेश्वर डिचोलीतच आहे.

आग्वादला गेलात तर मुलांना नुसते दीपगृह दाखवून परतू नका. आपण चालतो त्या पटांगणाखालीच हे टाके आहे, असे सांगितले की मुले पाऊल जपून टाकतात.