होळीनंतर नदीतून उपसा बंद

१९९६ साली सरकारने राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीतली मासळी धरण्याचा ठेका एका ठेकेदाराला दिला. काठावरची गावे विरोधात उभी राहिली आणि ठेका रद्द झाला. दहाच वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते, तर त्याला त्याच गावकऱ्यांनी वेड्यात काढले असते. तेव्हा पाऊस सरला की अरवरीत मासे सोडाच, ओंजळभर पाणीही उरत नसे. उरायची ती वाळू.

नदी तशी लहान, सुमारे ४५ किलोमीटरची. थानागाजी भागात भावता-कोल्याळाच्या डोंगरांत तिचा उगम. तिथे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. डोंगर उघडे पडले होते, जुने जोहड गाळाने भरले होते, विहिरी आटल्या होत्या आणि तरुण मजुरीसाठी शहरांकडे निघून गेले होते. १९८५ साली राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघ या संस्थेतले त्यांचे सोबती या भागात आले ते शिक्षणाचे काम करायला. गोपालपुरातल्या एका वृद्धाने त्यांना फावड्याची वाट दाखवली: आधी जोहड खणा.

जोहड म्हणजे उतारावर घातलेला अर्धचंद्राकृती मातीचा बांध. डोंगरावरून धावत आलेले पाणी त्याच्या कवेत थांबते आणि जमिनीत मुरते. काही महिन्यांत तो कोरडा पडतो. पाहणाऱ्याला काम फसल्यासारखे वाटेल, पण कोरडे पडणे हाच त्याचा गुण. उघड्यावर साठलेले पाणी राजस्थानच्या उन्हात वाफ होऊन जाते. खडकाच्या भेगांत उतरलेल्या पाण्याला ऊन पोचत नाही. तळाच्या ओलाव्यावर रब्बीचे पीकही निघते. मात्र तळात बारीक गाळ बसला की मुरण्याच्या वाटा बुजतात, म्हणून तो उपसावा लागतो. जुने जोहड मेले ते ही राखण थांबल्यामुळे.

आता नदीकडे येऊ. जानेवारीत, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, नदी कशाच्या बळावर वाहते? ते पाणी जमिनीखालून येते. भूजलाची पातळी नदीच्या तळापेक्षा उंच असेल, तर दोन्ही काठांतून पाणी पात्रात झिरपत राहते. पातळी तळाखाली गेली की उलटे घडते: नदीत आलेले पाणी वाळू पिऊन टाकते. अरवरी मेली, म्हणजे ही पातळी खाली गेली. पाऊस कमी झाला म्हणून ती मेली नव्हती. भावता-कोल्याळ्यापासून सुरू झालेली कामे खोऱ्यात पसरत साडेतीनशेच्या पुढे गेली. एकेका जोहडाचे पाणी नगण्य, पण सगळ्यांनी मिळून ती पातळी हळूहळू वर ढकलली. १९९० साली पावसाळ्यानंतरही पात्रात पाणी दिसले आणि १९९५ पासून नदी बारमाही वाहू लागली.

बहुतेक लेख इथेच संपतात. मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पाणी आले की पंप येतात, पंप आले की तहानलेली पिके येतात, आणि वर आलेली पातळी पाहता पाहता पुन्हा खाली जाते. मासळीच्या ठेक्याने गावांना आणखी एक प्रश्न विचारला होता: हे पाणी कोणाचे? २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूर इथे सुमारे सत्तर गावांनी अरवरी संसद स्थापन केली. तिने नियम केले: ऊस आणि भात लावायचा नाही, होळीनंतर नदीतून थेट उपसा करायचा नाही. या नियमांमागे कायद्याचे बळ नाही. ते पाळले जातात ते शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर, कारण शेजाऱ्याची विहीर आणि आपली विहीर एकाच खडकातले पाणी पितात.

आपल्या महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्याच्या पोटात जागा थोडी. तो लवकर भरतो आणि लवकर रिताही होतो. त्यामुळे अलवरचा जोहड जसाच्या तसा इथे आणता येत नाही. माथा ते पायथा समतल चर, दगडी बांध आणि नाला बांध ही आपली रीत वेगळी. नियमांची गरज मात्र इथे जास्तच आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने ते ओळखले. तिथे ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, रब्बीत काय पेरायचे ते त्यावरून ठरते, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

अरवरीचा अभ्यास पुढे सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. जोहडांच्या तळातून रोज १२ ते ५२ मिलिमीटर पाणी मुरू शकते, असे त्यांना आढळले. आणि पडणाऱ्या पावसापैकी साधारण ७ टक्के पाणी या कामांमुळे भूजलाला मिळते. आकडा छोटा वाटतो, पण एका हेक्टरवर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लाख लिटर पाणी. त्याचे ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार लिटर, दर हेक्टरी. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही मांडली: वर जितके जास्त अडवावे, तितके खाली वाहून जाणारे पाणी कमी होते. वरच्या विहिरी दुष्काळात तग धरतात, पण खालच्या तलावात येणारा पूर घटतो. अरवरीच्या खालच्या टोकाला सैंथल सागर हा जलाशय आहे, आणि त्याच्या काठीही शेतकरी राहतात. वरच्या गावाने पुढचा जोहड खणण्याआधी खालच्या गावाला विचारावे, असे मला मनापासून वाटते.