टेकडीवरचा चकतीचा खेळ आणि आपली नाडी

नर्सिंगच्या डिप्लोमाला आमच्यासोबत असलेली एक मैत्रीण आता अमेरिकेत नोकरी करते. गेल्या वर्षी तिच्याकडे सांताक्रूझला जाण्याचा योग आला. सांताक्रूझ म्हटले की आपल्याला मुंबईचे स्टेशन आठवते. हे कॅलिफोर्नियातले समुद्रकाठचे शहर. रविवारी सकाळी ती म्हणाली, "चल गं, तुला डिस्क गोल्फ खेळायला नेते." गोल्फ हा साहेब लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मनात आले. पण त्या दिवशी टेकडीवर जे कळले ते सांगण्यासाठीच हा लेख.

खेळ आहे तरी काय?

गोल्फमध्ये काठीने चेंडू मारतात. इथे ताटलीएवढी प्लास्टिकची चकती हाताने फेकायची. खड्ड्याऐवजी लोखंडी खांबावर टोपली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांना आदळून टोपलीत पडली की तो टप्पा संपला. चकती जिथे पडेल तिथूनच पुढची फेक. सर्वांत कमी फेकींत सगळे टप्पे पूर्ण करील तो जिंकला.

एड हेड्रिक नावाच्या माणसाने 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्यानेच पुढे तयार केली. बहुतेक मैदाने सार्वजनिक बागांत असतात आणि अनेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. एक चकती दहा-वीस डॉलरला मिळते. आम्ही गेलो तिथे आजोबा होते, शाळकरी मुले होती, लेकरू पाठीशी बांधलेली आईही होती.

चढ आणि उतार

ते मैदान डेलाव्हिएगा नावाच्या बागेत, ओकच्या झाडीत, टेकडीवर आहे. ते 1984 पासून आहे. तिथला 27 वा टप्पा प्रसिद्ध. त्याला 'टॉप ऑफ द वर्ल्ड', म्हणजे जगाचा माथा म्हणतात. माथ्यावर उभे राहून चकती खाली उतारावर सोडायची.

सपाट जागेवरची सवय टेकडीवर चालत नाही. चढावर आम्ही चकतीचे तोंड वर करून जोर लावला, तर ती वर जाऊन तिथेच खाली पडली. मैत्रिणीने सांगितले, "उताराला समांतर सोड." उतारावर उलटे होते. चकती जास्त वेळ हवेत राहते आणि बाजूला वाहत जाते, म्हणून तिथे हात आवरायचा. टोपलीजवळ चुकली की ती कडेवर उभी राहून गडगडत खाली जाते आणि आपण तिच्या मागे.

आमचीच नाडी

वस्तीत घरोघर फिरण्यात आमची वीस वर्षे गेली. त्यामुळे आपल्याला चालण्याची सवय आहे, अशी खात्री होती. पण चौथ्या चढावर दम लागला आणि कानात ठोके ऐकू येऊ लागले. मैत्रिणीने बसवले, मनगट धरले आणि 15 सेकंद मोजून चारने गुणले. 148. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले, तरी ठोके हवे तेवढे उतरले नव्हते. घरी रक्तदाब पाहिला तर 156/98. इतकी वर्षे दुसऱ्यांचा दाब मोजला, स्वतःच्या दंडाला पट्टा कधी लावला नव्हता. परत आल्यावर दोन वेगवेगळ्या दिवशी तपासला, दोन्ही वेळा 140/90 च्या वर. आता गोळी सुरू आहे आणि चालणेही.

चढ-उतारावर काय सांभाळावे

आपल्या कितीतरी वस्त्या टेकडीच्या उतारावर आहेत. पाण्याचे हंडे घेऊन पायऱ्या चढणाऱ्यांनाही यातले बरेच लागू पडते.

• चढताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. बोलणेही जमत नसेल तर थांबा.

• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, चक्कर आली तर "थकवा असेल" म्हणून बसून राहू नका. लगेच दवाखाना गाठा.

• उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाऊनच काम करतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात. छोटी पावले टाका, गुडघा किंचित वाकवा.

• उतारावर पळत येऊन फेकू नये, उभे राहून फेकावे. फेकताना पुढचा पाय टाचेवर फिरू द्यावा, नाहीतर पीळ गुडघ्यावर येतो.

• पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस गरम शेक आणि चोळणे नको. आराम, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर. पायावर भारच देता येत नसेल तर एक्स-रे काढावा.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

त्या झाडीत 'पॉयझन ओक' नावाचे तीन-तीन पानांचे झुडूप असते. हात लागला की अंगावर फोड येतात. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. बिब्बा उतलेला आपल्याकडे अनेकांनी पाहिला आहे. लागल्यास खाजवू नये, लगेच साबण-पाण्याने धुवावे.

'दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?' असे भगिनी आम्हाला विचारतात. आम्हीही तेच म्हणत होतो. पण राबताना कोणी स्वतःची नाडी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सांगते. चकती मिळाली नाही तरी चालेल, लेकरांसोबत लगोरी खेळा.

आज एक करा. मनगटावर दोन बोटे ठेवा, 15 सेकंद मोजा, चारने गुणा. तिशी ओलांडली असेल तर या आठवड्यात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब तपासून घ्या. आमच्यासारखी टेकडी चढेपर्यंत वाट पाहू नका.